नाव एका कपाटात, दुखणं दुसऱ्यात

कपाटमावशींनी कुणा बाईचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. "आज सतरा नंबर दिसली बाजारात. हसली गो," एवढंच म्हणायच्या. रोह्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी बायकांच्या आजारपणाचा अभ्यास चालायचा आणि मावशी त्याच्या नोंदी सांभाळायच्या. मी गडब गावची, घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. सुट्टीच्या दिवशी तिथे कॉम्प्युटरवर नोंदी भरायला जायचे.

दोन खोल्यांत दोन लोखंडी कपाटं होती. एकात नावं आणि नंबर लिहिलेली वही, दुसऱ्यात नुसत्या नंबराखाली बायकांनी सांगितलेलं. कॉम्प्युटरवरही तशाच दोन फाइली. एकत्र ठेवलं तर शोधायला सोपं जाईल, असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले. "सोपं जाईल म्हणूनच नाय ठेवायचं," मावशी म्हणाल्या. "नाव एका कपाटात, दुखणं दुसऱ्यात. दोघांची गाठ पडली की बाईचं वाटोळं."

पेणच्या मुख्य ऑफिसला फाइल द्यायची, तर मावशी पेनड्राइव्हला पासवर्ड घालून तो डब्याच्या पिशवीत ठेवत आणि स्वतः एसटीने जात. पासवर्ड माझ्याजवळ राही. पेनड्राइव्ह तिथल्या मोठ्या सरांच्या हातात पडला की त्या फोन करायच्या, मग मी तो सांगायचा. आमचा जीपवाला चिडवायचा, "मावशी, सोनं नेताव काय?"

"सोनं गेलं तर परत घेता येतं रं," त्या म्हणायच्या.

सतरा नंबरची नोंद मी भरली. सहाव्या महिन्यात पोटात दुखू लागलं, मुकादमाने भट्टीवरून दवाखान्यात जाऊ दिलं नाही आणि मूल गेलं. हे तिने मावशींना दार लावून सांगितलं होतं. तिची सगळी वाडी त्याच मुकादमाबरोबर कामाला जायची. ती बोलली हे त्याला कळलं असतं, तर तिच्या घराचं काम गेलं असतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'जुळ्या मुली. डाव्या हातावर भाजल्याची खूण. वाडीतलं शेवटचं घर.' जास्त लिहिलं की काम चांगलं दिसतं, असं मला वाटायचं. परीक्षेत पुरवणी जोडायची सवय होती.

एकदा मावशी तापाने घरी होत्या. ऑफिसच्या फोनवर सरांचा निरोप आला, 'फाइल लगेच हवी.' एकटीने एसटीने जायचा धीर मला झाला नाही. मी फाइल ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. सगळे आपलेच, असं वाटलं. त्या ग्रुपवर जीपवालाही होता, आणि मुकादम त्याचा मेहुणा.

"पण नाव नव्हतं ना त्यात," मावशींनी ग्रुप पाहिला तेव्हा मी रडत म्हणाले.

"अकरा घरांच्या वाडीत जुळ्या मुली कितीजणींना गो?"

पुढच्या आठवड्यात मुकादमाचा टेम्पो आला आणि सतरा नंबरचं घर सोडून सगळ्यांना घेऊन गेला. आम्ही वाडीत गेलो, तर मागे राहिलेल्या एका म्हातारीने अंगणातच अडवलं. "तुमच्या कागदात बोलली न् उपाशी बसली. आता नाय कोण बोलायची. जावा."

अभ्यास थांबला. पेणला बैठक झाली. फाइल कुणी पाठवली, असं सरांनी विचारलं. "फोन माझ्या ताब्यात असतो," मावशी म्हणाल्या. "चूक काय झाली ती लिवून देते. नाव नाय देणार." मी मागच्या खुर्चीवर होते. उठायचं असं तीनदा ठरवलं, आणि बसून राहिले. मावशींना कामावरून काढलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गडब आलं, तेव्हा मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायला शीक," एवढंच म्हणाल्या.

आता त्या खांब गावी बहिणीकडे असतात. मी दोनदा फाट्यापर्यंत जाऊन परत आले. वाडीतल्या शेवटच्या घराला कुलूप आहे. ती माणसं कुठे गेली, आम्हाला कुणी सांगत नाही, आणि आम्ही विचारावं असं आमच्यात काही उरलेलं नाही.

त्या ऑफिसातलं एकच नाव शेवटपर्यंत सुरक्षित राहिलं. माझं.