आईचं घंगाळ आणि तिकिटाची खिडकी

आमच्या घरातली एकच वस्तू संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीची निघाली, आणि ती बघायला आमच्याकडंच तिकीट मागितलं गेलं.

वस्तू म्हणजे आईचं तांब्याचं घंगाळ. फर्दापूरजवळच्या आमच्या गावी त्यात शेरडं पाणी प्यायची. वडील गेल्यावर आई शहरात आमच्याकडं राहायला आली, तेव्हा शेरडं-मेंढरं तिनं विकली, घंगाळ मात्र रिक्षातून मांडीवर घेऊन आली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते गॅलरीत बसलं आणि आमचे कपडे वाळायला जिन्यात गेले. (आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो. त्या दिवशी घंगाळ उपयोगी पडायचं. पण सण काय, रोज नसतो.) शेवटी मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आईला गळ घातली. एका छोट्या खासगी संग्रहालयाला जुनी भांडी हवी होती.

"देते," आई म्हणाली. "चार लोकं बघत्याल तरी."

पुढच्याच सुट्टीला आईनं घंगाळाला भेटायचं काढलं. आठवडाभर शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत उभं राहून माझे पाय गेलेले; मी फक्त झोपायचं ठरवलं होतं. तरी आम्ही तिघं गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "किती तिकिटं?"

"कशाची?" आई म्हणाली.

"आत जायची, आजी."

"माह्या घंगाळाला बघायला मी कामून पैसे देऊ?"

मी घाईघाईनं पाकीट काढून तिघांची तिकिटं घेतली. आई म्हणाली, "तुला लई हौस असंल तर तू जा. मी इथंच बसते." आणि ती खरंच दारात बसली. मधोमध. मागं रांग वाढत गेली.

"आजी, वीज, पंखे, झाडलोट, सगळं चालवायचं कशावर?" माणूस बिचारा समजावत होता.

"देवळात तिकीट असतंय का? पेटी ठेवा. ज्याला वाटंल त्यो टाकंल."

"ठेवली होती. चिल्लर कमी आणि गुटख्याच्या पुड्याच जास्त निघाल्या."

एव्हाना रांगेचे दोन पक्ष झाले होते. एक म्हणत होता, फुकट मिळालं की किंमत राहत नाही. दुसरा म्हणत होता, म्हातारीचं बरोबर आहे, वारसा सगळ्यांचा असतो. (हे म्हणणाऱ्यानं अजून तिकीट काढलं नव्हतं.) तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. आमच्या कंपनीतले मॅनेजर, सहकुटुंब.

"तुमच्या आई का?" त्यांनी विचारलं.

"ओळखीच्या आहेत," मी म्हणालो.

आईनं ऐकलं. माझ्याकडं मान उडवत मंगलला म्हणाली, "ह्या पाव्हण्याला विचार, घरी जेवायला येणार हाय का."

आरडाओरडा ऐकून संग्रहालयाचे साहेब बाहेर आले. वयस्क, सभ्य माणूस. त्यांनी आईला ओळखलं, हात जोडले. "वस्तू देणाऱ्यांना तिकीट नाही. या, आजी."

चूक झाली ती इथं. हे वाक्य त्यांनी हळू बोलायला हवं होतं. रांगेतला एक जण लगेच म्हणाला, आतली तलवार त्याच्या पणजोबांची आहे. दुसऱ्याचा अडकित्ता निघाला. एका बाईंनी तर आतल्या तोफेवर हक्क सांगितला. खिडकीतल्या माणसानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, खिडकी लावली आणि तो डबा उघडून जेवायला बसला. रांग तशीच आत शिरली. मॅनेजरही शिरले. हातात तीन तिकिटं धरून मी शेवटी.

आत घंगाळ एका चौथऱ्यावर होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'राजघराण्यातील स्नानपात्र'.

"कुण्या राजाचं?" आईनं विचारलं.

साहेब ओशाळले. "तसं लिहिलं की लोक थांबतात हो."

लोक खरंच थांबले होते. एका बापानं आपल्या लेकीला फोटोसाठी घंगाळात बसवलं होतं, सँडलसकट. ती उतरली तेव्हा तळाशी वेफर्सचं रिकामं पाकीट दिसलं. कुणीतरी त्यात पिचकारीही मारलेली होती.

एडक्यानं धडक मारून पाडलेल्या पोच्यावरून आईनं एकदा हात फिरवला. मग पदर खोचला, घंगाळ उचललं आणि चालायला लागली.

"आजी, अहो आजी, नेऊ नका," साहेब मागं धावले. "आमच्याकडं बघण्यासारखं हे एकच आहे."

"नेत नाय. धुते."

अंगणातल्या नळावर तिनं ते माती लावून घासलं. पाणी मी ओतत होतो. मॅनेजर लांबून मोबाईलवर शूटिंग करत होते. आईनं जागेवर नेऊन ठेवलं तेव्हा ते असं चमकत होतं की खरंच एखादा राजा आंघोळीला यावा. पाटी बदलू का, असं साहेबांनी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "शेरडांना बी बरं वाटंल. पण तिकीट मात्र वाढवा. लई वाढवा. आन् माझं बी घ्या."

साहेबांनी तिचं तिकीट काही घेतलं नाही, उलट चहा पाजला. निघताना म्हणाले, "घरात आणखी काही जुनं पडून असेल तर सांगा."

आईनं माझ्याकडं बोट केलं. "हा हाय. सुट्टीला नुसता पडून असतो. न्या. पण ह्याला तिकीट लावू नका, कुत्रं बी येणार नाय."

साहेबांनी चष्मा सारखा करून मला निरखलं. मंगलकडं बघितलं; तिची लगेच संमती होती. मग हळहळत म्हणाले, "सध्या जागा नाही हो."