भगोणं न मावणारी बॅग

दप्तर कसं निवडावं, यावर मागच्या जूनमध्ये मी एक पत्रक लिहिलं. पट्टे रुंद हवेत, पाठीला गादी हवी, कापडातून पाणी झिरपायला नको, रिकामी बॅग हातात हलकी लागली पाहिजे. शिक्षणहक्कासाठी काम करणाऱ्या आमच्या गटाने ते शाळांबाहेर उभं राहून वाटलं. पत्रकात लिहिलंय ते सगळं खरं आहे. फक्त माझी स्वतःची बॅग मी यातलं काहीही बघून घेतली नव्हती. तिच्यात काय मावत नाही, एवढंच बघून घेतली होती.

तेव्हा मी दहावीत होते. म्हसावदच्या शाळेत, वसतिगृहात राहायचे. आमचा पाडा वर, तोरणमाळच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा माझ्या दप्तराचा तळ उसवलेला होता आणि आईबाबांची गुजरातेत ऊसतोडीला जायची तयारी चालली होती. भाऊ सहा महिन्यांचा. आई उसाच्या फडात असताना त्याला बघणार कोण, हा घरातला प्रश्न होता. विचारताना सगळे माझ्याच तोंडाकडे बघत. तिसरीतली धाकटी बहीण लहान म्हणून काकीकडे राहणार होती.

बाबा म्हणाले, "दहावी काय पळून जाते? होळीला आलो की बस परीक्षेला."

होळीला परत येऊन परीक्षेला बसलेलं आमच्या पाड्यावर कुणी नव्हतं. बाबांना हे माझ्याइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "चल, दप्तर घेऊ तुला." मला वाटलं, सुटले.

म्हसावदच्या बाजारात आईने आधी जर्मनचं भगोणं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. चांगलं मोठं, फडावर सगळ्यांचा भात एका वेळी होईल असं. ते काखेत धरूनच ती बॅगांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने एक काळी बॅग काढून दिली, आत एकच मोठा कप्पा. आईने चेन उघडली आणि भगोणं आत घातलं. आरामात बसलं.

"हीच घे," आई आमच्या बोलीत म्हणाली. "वर गोधडीपण बसेल."

वसतिगृहात भगोणं लागत नाही. तेव्हा कळलं, दप्तर कुठे जाणार आहे आणि कुणाच्या पाठीवर.

मी काळी बॅग हातात घेतली, चेनीत अस्तराचं टोक घातलं आणि ओढलं. "अडकते ही," म्हणाले.

"अशी कशी अडकनी? नवी कोरी शे!" दुकानदार अहिराणीत तडकला. खरं तोच बोलत होता. मग त्याने वरची राखाडी बॅग उतरवली, पिवळ्या चेनीची. "हाई देख ताई, लॅपटॉपनी शे. कॉलेजन्या पोरी हाईच लेतस."

ती मला आवडलीही, लपवत नाही. गरिबाच्या पोरीने टिकाऊ तेवढं मागावं, छान मागू नये, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी वेगळं पत्रक काढीन. पण मी बघितलं ते आतलं. मधोमध जाड गादीचा पडदा, दोन्ही बाजूंनी शिवलेला. आईने भगोणं घालून बघितलं. आडवं केलं, उभं केलं. अर्ध्यात अडकलं.

"ही मधली भिंत कशाला, भाऊ?"

"लॅपटॉप ठेवाले."

"ते केवढं असतं?"

त्याने हाताने पाटाएवढं दाखवलं आणि हसला. "बाई, त्यामा भगोनं कशाले कोंबी ऱ्हायनी? त्यानासाठे गोणी ले ना!"

आजूबाजूची गिऱ्हाइकंही हसली. आई हसली नाही. तिने भगोणं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पुस्तकं बसतील?"

"सगळी बसतील."

"दे बांधून," ती दुकानदाराला म्हणाली.

वर जाताना घाटातल्या प्रत्येक वळणावर तिच्या मांडीवरचं भगोणं सीटच्या दांड्याला लागून वाजत होतं.

ट्रक आला त्या सकाळी बाबांनी खुंटीवरची माझी बॅग काढली, आत हात घातला आणि विळा मागितला. "हे मधलं कापलं की झालं काम."

आईने बॅग त्यांच्या हातातून घेतली. "कापली तर फाटेल. नवी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती नाही येत. शाळेत जाईल."

"मग पोराला कोण बघणार?"

आई दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे वळली. धाकटीच्या पाठीवर शाळेतून फुकट मिळालेलं दप्तर होतं. वर कुठल्याशा पुढाऱ्याचा हसरा फोटो. आत एकच कप्पा, पडदा नाही, काही नाही. आईने तिच्या दोन वह्या काढून फळीवर ठेवल्या. सामानाच्या गोण्या तोपर्यंत शिवून झाल्या होत्या. भगोणं त्या दप्तरात पहिल्याच झटक्यात बसलं.

धाकटी खूश होती. ट्रकमध्ये बसायला मिळणार होतं. दप्तर तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतं. मी उभी होते. आज माईक हातात दिला तर शिक्षणाच्या हक्कावर मी तासभर बोलते. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. कारण बोलले असते तर भगोणं परत माझ्याकडे आलं असतं.

होळीला ती परत आली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, कारण आता तिला काम येत होतं. मी दहावी झाले, बारावी झाले, चळवळीत शिरले. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. करू देत.

राखाडी बॅग अजून वापरते. चेनीचा पिवळा रंग उडाला, पडदा शाबूत आहे. लॅपटॉप कधीच आला नाही. त्या कप्प्यात पत्रकं छान सपाट राहतात. जूनमधलं एक उरलं होतं, ते धाकटीने काढलं आणि अक्षराला अक्षर लावत शेवटपर्यंत वाचलं. मग घडी करून परत आत ठेवलं.

"कप्प्यांचं काहीच लिहिलं नाहीस," म्हणाली.