ताईसाहेबांनी मागवलेलं ताट

"हिला वेगळं ताट द्या," ताईसाहेब हॉटेलवालीला म्हणाल्या. इंग्रजी फर्डं. माझ्याकडं रोखलेलं बोट मात्र बेंबळीचं.

आम्ही दोघी बेंबळी गावच्या, दोघी जर्मनीत शिकायला. मी सरकारी शिष्यवृत्तीवर, त्या बापाच्या, म्हणजे आबांच्या, बागायतीवर. आमची वस्ती गावाबाहेर. माझी आई त्यांच्या रानात खुरपायला जाते. गोठ्याच्या वळचणीला तिच्यासाठी एक कान तुटलेला कप खोचलेला असतो. आई त्यात चहा पिते, धुते, परत खोचते. ताईसाहेब माझ्याच वयाच्या. पण आईनं लहानपणीच बजावलं होतं, "मोठ्या घरची लेक हाय. ताईसाहेबच म्हणायचं." परदेशातही मी तेच म्हणत होते. जिभेची सवय.

त्या दिवशी वर्गातल्या दोन गोऱ्या मुलींबरोबर शहर बघायला निघालो. सकाळी बाजारात ताईसाहेबांनी कुणाकुणाच्या हातचं खाल्लं. म्युझियममध्ये गुलामांच्या बेड्या बघून डोळे पुसले. "किती क्रूर माणसं!" म्हणाल्या. आठवलं की मला अजून हसू येतं.

संध्याकाळी इथिओपियन हॉटेल. तिथं परातीएवढ्या एकाच ताटात आंबोळीसारखी मोठी पोळी येते, तिच्यावर आमट्या, भाज्या. सगळ्यांनी त्यातच जेवायचं, हीच रीत. मी हात पुढं केला, तेवढ्यात त्यांनी माझं ताट वेगळं मागवलं. मग हळूच मराठीत म्हणाल्या, "राग नको मानू. फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचाय. एका ताटात दिसलो तर आबा काय म्हणतील?"

हॉटेलवाली गोंधळली. तिनं मला विचारलं, "तुला काही आजार आहे का?"

मी म्हणाले, "हो."

त्या 'हो'ची मला आजही किळस येते.  फोटोत मी नव्हतेच.

रात्री नाचायला गेलो. अंधार आणि दणदणाट. ताईसाहेब दोन ग्लासांत विरघळल्या. अनोळखी पोरांच्या घामाला घाम लावून नाचल्या. मग माझ्या गळ्यात हात टाकून स्वतःचा उष्टा ग्लास माझ्या तोंडाशी आणला. "घे की गं. इथं कोण बघतंय? आपण बहिणीच की."

मी ग्लास बाजूला सारला.

"प्रणोती," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. "आजारी तू हायस. उजेडात विटाळ आन् अंधारात बहीण? असली बहीण मला नको."

नावानं तिची दारू उतरली. "आबांना सांगितलं तर तुझ्या आईचं काम जाईल," ती म्हणाली. एवढ्यातच संपलं बहिणपण.

एवढी शिकली, विमानात बसली, सातासमुद्रापार गेली. आणि सोबत काय नेलं, तर गोठ्यातला कप. थू!

तिचा नाचतानाचा फोटो माझ्या मोबाइलात होता. गावच्या ग्रुपवर टाकायला कितीसा वेळ? मी पुसून टाकला. अंधारातले धंदे तिचे, माझे नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून सगळं सांगितलं. काम जाईल, हेही.  ती म्हणाली, "जाऊ दे. दुसऱ्यांच्या रानात तण कमी हाय व्हय? तू कवा येतीस?"

सुट्टी लागली की येतेय. आईला घेऊन थेट आबांच्या ओसरीवर जाणार. भर दुपारी. घरातल्या कपात चहा मागणार. नाही दिला, तर तो गोठ्यातला कप त्यांच्या उंबऱ्यावर सगळ्यांदेखत फोडणार.

दिला, तरी फोडणार.