बिघडलेल्याचीही प्रत

कुणी हातात कागद दिला तर नाही म्हणायचं नाही, असा आमच्या घरात बाबांचा नियम. घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा, नाही पटला तर मग खुशाल फाडायचा. बाबा बोईसरला कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवर झाली. 'कामगार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आला. बाबा गेटवर उभं राहून सगळा गठ्ठा वाटून येत. घरी एक प्रतही उरत नसे. पत्रक उरलं म्हणजे काम अर्धं राहिलं, असं त्यांचं मत, आणि मलाही तेच बरोबर वाटायचं.

ताईला ते कधीच पटलं नाही. ती तारापूरला औषधांच्या एका कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट आहे. भाषण करत नाही, वाद घालत नाही, हातातलं काम संपवते आणि मग जेवते. गावी परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून तिनं हातात धरून खेळायचा गेमचा कन्सोल घेतला. तिला खेळायला वेळ मिळेना. बघता बघता तो आईचा झाला.

त्यातल्या एका गेममध्ये आपल्याला एक मोकळं बेट मिळतं. झाडं लावा, पाट खणा, कुंपण घाला. आईनं त्या बेटावर माकुणसारची, तिच्या माहेरची वाडी उभी केली. खरी वाडी भावांनी वाटून घेतली, मधे भिंत आली, विहीर एकाच्या वाट्याला गेली. आईच्या बेटावर भिंत नाही. केळी, नारळ, पाण्याचा पाट, विहिरीकडे उतरणारी पायवाट, सगळं जागच्या जागी. गेममध्ये फणस मिळत नाही, म्हणून एका जाडजूड झाडाला तिनं फणस ठरवलं होतं आणि त्याला फणस न म्हणणाऱ्यावर ती रागवायची.

उन्हाळ्यात मावशी राहायला आली, तेव्हा दोघी बहिणी पलंगावर बसून वाडी तपासायच्या.

"फणस विहिरीच्या अंगाला हाय गो. तू गोठ्याजवळ लावलास."

"नीट आठव."

"मी त्याच्यावरनं पडलेली हाय. तू नाय पडलीस. मला सांगते."

आई निमूटपणे फणस हलवायची. त्या महिन्यात वाडी जशी होती तशी झाली. पावसाळ्यानंतर मावशीचा विसराळूपणा वाढला. आता विहीर कुठे होती हे विचारलं तर ती विचारणाऱ्याचंच नाव विचारते. म्हणजे मावशीला आठवत होती ती वाडी आता त्या कन्सोलमध्येच होती.

आणि कंपनीनं त्या बेटाची प्रत काढायची सोय ठेवलेली नव्हती. हे मावशी यायच्या आधीच कळलं होतं, आणि तेव्हाच मी पेटले होते. वस्तू आपण विकत घेतली, महिनोन्महिने राबून आईनं वाडी लावली, आणि तिची एक प्रत कार्डावर घ्यायला परवानगी नाही? मी पत्रक लिहायला बसले. मथळा होता, 'कुलूप कुणाचं?' ताईनं पत्रक वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि कुलूप उघडायला बसली.

कन्सोल चालू केला की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि पुढे कुणाला उठवायचं ते ठरवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. कंपनीचा बूटलोडर फक्त कंपनीच्या माणसांना उठवतो. ताईच्या कन्सोलचं मॉडेल जुनं होतं, त्यात एक फट राहून गेली होती. त्या फटीतून तिनं मेमरी कार्डावरचा दुसरा बूटलोडर चालू केला. काळ्या पडद्यावर साधी यादी आली. प्रत घ्या. प्रत परत टाका. मी आनंदानं म्हटलं, आता सगळे गेमही फुकट टाकता येतील.

"नाही टाकायचे," ताई म्हणाली. "मी माझं दार उघडलंय. दुसऱ्याचं नाही."

ज्यांना माझं पत्रक लांबलचक वाटलं, त्यांनी एवढंच वाक्य वाचलं तरी चालेल.

तिनं आतल्या साठवणीची अख्खी प्रत काढली आणि दोन ठिकाणी ठेवली, एक घरी आणि एक लॅबमधल्या मैत्रिणीकडे. हे मावशी यायच्या आधीचं. त्यानंतरची प्रत घ्यायचं ताईच्या मनात होतं. पावसाळ्यानंतर एका गुरुवारी तिनं कार्ड काढलं, जुन्या फाइली आवरून उद्या सुट्टीत प्रत घेऊ म्हणून लॅपटॉपला लावलं आणि तिथेच राहू दिलं.

शुक्रवारी आईला राहवेना. तिनं कार्डाशिवायच कन्सोल चालू केला, तेव्हा अर्थातच कंपनीचा बूटलोडर उठला. पडद्यावर इंग्रजीत एक निवेदन आलं, नवं अपडेट तयार आहे, घ्यायचं का? आईनं घेतलं. थोड्या वेळानं वीज गेली. कन्सोलची बॅटरी कधीचीच मेलेली, तो चार्जरवरच चालायचा. अपडेट अर्ध्यात तुटलं. वीज आली, पण कन्सोल उठला नाही.

"दिला कागद, घेतला," आई म्हणाली. "तुमच्या बाबांनी हेच शिकवलंय."

बाबा म्हणाले, "वाचायलाही शिकवलं होतं."

"इंग्रजी पत्रक कधी काढलंत तुम्ही?"

बाबा पेपरमागे गेले.

ताईनं कार्ड घातलं. आतलं सगळं मोडलं होतं, तरी तिची ती साधी यादी पडद्यावर आली, कारण कार्डावरचा बूटलोडर आतल्या कुणावर अवलंबून नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, जुनी प्रत परत टाक, झालं.

"टाकली की आत्ता आत जे आहे ते पुसलं जाईल. फणस परत गोठ्याजवळ."

आई खाली बसली.

ताई म्हणाली, "आधी याची प्रत घेते."

"याची? हे मेलंय," बाबा पेपरमागून म्हणाले. "मेलेल्याचा फोटो काढतेस?"

"बाबा, आम्ही प्रत्येक बॅचचं सॅम्पल राखून ठेवतो. फेल बॅचचं तर आधी. काय बिघडलं ते त्याच्यातच असतं. आणि काय बिघडलं नाही, तेही."

मोडलेल्या साठवणीची प्रत हळूहळू लॅपटॉपवर उतरत राहिली. ताईनं मधे भाजी निवडली. घाई करणं तिला जमतच नाही, आणि त्या दुपारी मला ते पहिल्यांदा धाडस वाटलं. मी असते तर कन्सोल वाचवण्याच्या नादात वाडी पुसून बसले असते, आणि वर त्यावर पत्रक लिहिलं असतं.

मग तिनं जुनी प्रत टाकली. कन्सोल उठला. आईनं बेट उघडलं, गोठ्याजवळचा फणस पाहिला आणि कन्सोल उलटा करून मांडीवर ठेवला.

ताई लॅपटॉपवर मोडलेली प्रत उघडत होती. प्रत्येक कन्सोलच्या साठवणीला त्याच्या स्वतःच्या किल्ल्या असतात, दुसऱ्या कन्सोलच्या किल्लीनं ती उघडत नाही. ताईनं पहिल्याच दिवशी त्या काढून जपून ठेवल्या होत्या. अपडेटनं यंत्रणेची नासधूस केली होती, पण खेळाडूच्या जागेला हात लावला नव्हता. आईचं बेट तिथे अख्खं पडलं होतं. ताईनं तेवढंच उचललं आणि कन्सोलमध्ये ठेवलं.

"बघ आता."

आईची बाहुली पायवाटेनं विहिरीकडे उतरली. फणस विहिरीच्या अंगाला होता. आई बराच वेळ त्याच्याखाली उभी राहिली. बाबाही पेपर ठेवून पाहायला आले आणि त्या झाडाला न चुकता फणस म्हणाले.

दिवाळीनंतर आम्ही मावशीला घेऊन आलो. आईनं तिच्या हातात कन्सोल दिला. मावशीनं बेट निरखून पाहिलं. तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा ठाम झाला.

"हा फणस हितं कुणी लावला? हा गोठ्याजवळ हाय."

आईनं मावशीकडे पाहिलं, मग ताईकडे.

ताईनं हात पुढे केला. "दे इकडे. आधी आहे त्याची प्रत घेते. मग मावशी म्हणेल तिथे लाव."