गॅलरीतली रक्ती

टी. टी. नगरच्या खाटकाने आज भर रांगेत विचारलं, ‘भाभीजी, खून भी रख दूँ?’ सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मला ती जुनी दुपार आठवली. मी लग्न करून नागपूरहून भोपाळला आले तेव्हा सासरी मटण चालायचं, पण रक्ती म्हटलं की सासूबाई नाकाला पदर लावायच्या. बकऱ्याचं गोठलेलं रक्त कांदा-मिरचीवर परतून खाणारी घरात मी एकटीच राक्षसीण, त्यामुळे मी ती मागच्या गॅलरीत स्टोव्हवर करायची आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून तिथेच खायची. त्या दुपारी परदेशातून आलेली नणंद आत टेबलाशी सांगत होती, ‘आई, तिकडे रक्ताचं सॉसेज मिळतं, काय मस्त लागतं!’ सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘हुशार गं ते लोक, काही वाया घालवत नाहीत.’ मी ताट उचलून तरातरा आत गेले. कित्येक वर्षांचं भाषण तयार होतं, पण तोंडात भला मोठा घास, म्हणून नुसतंच ताट टेबलावर आपटलं. नणंदेने चव घेतली, मग आणखी घेतली. ‘वहिनी, हे तर त्याहून भारी आहे!’ सासूबाई लेकीकडे बघून मला म्हणाल्या, ‘मग तिथे कशाला बसतेस? इथे बस की.’ मी गड जिंकल्यासारखी खुर्चीवर बसले. हल्ली सासूबाई ‘चव बघते’ म्हणत अर्धी रक्ती संपवतात आणि मी विजयी वीर उरलेल्या मसाल्याला पोळी लावून खाते.