मागं बसलेली सरपंच

मी इंग्रजी शिकवतो आणि शब्दाची कुळी काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात या खोडीला कुणी भीक घालत नाही, फक्त आई घालते. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात ती महिलेसाठी राखीव जागेवर सरपंच झाली, आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "गव्हर्नमेंट गव्हर्नमेंट म्हणतेत, त्याचा अर्थ काय रं?"

मला तेवढंच हवं होतं. शब्द मूळचा ग्रीकांचा, अर्थ जहाज हाकणं. तिथून तो लॅटिनात गेला, मग फ्रेंचांकडं, मग इंग्रजांकडं. सुकाणू धरतो तो गव्हर्नर. आईनं समुद्र कधी पाहिलेला नाही. तिचं माहेर मेंढपाळांचं. तिनं विचारलं, "सुकाणू म्होरं असतंय का मागं?"

"मागं."

"मंग बरोबर हाय. मेंढरं बी मागूनच हाकतेत."

मला रागच आला. ग्रामसभेत ती मागंच बसायची, बायकांत, सतरंजीवर. सरपंचाच्या खुर्चीत आमचे बाबा. गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं आणि तेही खुशाल ओ द्यायचे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "तिला चारचौघांत बोलता येतंय का?"

पुढच्या सभेत नळाच्या लाइनीचा विषय निघाला. मेंढपाळांच्या वस्तीवरच्या बाया अजून शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. बाबा खुर्चीतून म्हणाले, "लाइन आदी वरच्या आळीला. लिहा." ग्रामसेवकानं पेन उघडलं.

"लिहू नका," मागून आवाज आला. आई उभी होती, डोक्यावर पदर, आवाज रोजचाच. "वरच्या आळीला घरोघरी बोअर हायत. पाणी आदी वस्तीवर जाईल. सरपंच मी हाय. पटतंय त्यानं हात वर करा."

सगळी सभा वळून तिच्याकडं बघायला लागली. खुर्चीकडं गावाची पाठ झाली. आधी बायकांचे हात वर गेले, मग मेंढपाळांचे, मग बाकीच्यांचे. मीही केला, आणि माझी छाती फुगली होती हे कबूल करायला मला काही लाज नाही.

बाबा उठले. आता घरी महाभारत होणार, असं मी धरूनच चाललो. ते मागं आले आणि सतरंजीवर बसले.

"जा म्होरं, बस खुर्चीत," ते आईला म्हणाले. "मागं बघून बघून लोकांच्या माना मोडायल्यात."

आई जाऊन बसली आणि ग्रामसेवकाला ठराव सांगू लागली.