शिडीला पाच झेंडू

गिरणीतून येणारा गरम पिठाचा वास मला फार आवडतो. त्या वासापायीच मी घरात तयार पिठाची पिशवी येऊ देत नाही, असं सुनेला सांगते. खरं कारण म्हणजे गिरणीत गप्पा होतात. मध्यंतरी अशीच डबा रांगेत लावून भिंतीला टेकून उभी होते. पुढे एक कॉलेजातली पोरगी होती, भुवयांवर पिठाची भुकटी उडालेली, आणि तिच्या काळ्या टी-शर्टवर शिडी. निळ्या आभाळात नुसतीच उभी, कशालाही न टेकलेली लाकडी शिडी. मी दचकलेच. जुनं वैर असलेलं माणूस लग्नाच्या पंगतीत अचानक समोर येऊन बसावं, तसं झालं मला. राहवेना. म्हटलं, "काय गं, ऐकतेस की नुसतीच घालतेस?" तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "काकू, तुम्हाला माहितीये हा बँड?" माहितीये म्हणजे काय! "तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. पण बाई, त्यांच्या चौदा अल्बमांतला सगळ्यात भिकार निवडलास की!" पोरगी खवळली. "भिकार? अहो काकू, बेस्ट आहे तो त्यांचा! कसला फास्ट आहे!"

फास्ट? शिडी आणि फास्ट? मला वाटलं, हिची काहीतरी गल्लत होतेय. तिने कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढून माझ्या हातात दिलं आणि मी ते माझ्या कानात खुपसलं. गाणं तेच होतं, शब्दन्‌शब्द तेच, पण मागे कुत्रं लागल्यासारखं पळत होतं. ज्या गायकाला शिडीपुरतं तीस वर्षं आम्ही 'सर्दीवाला' म्हणून हिणवलं, त्याचा गळा कसा लख्ख, कोवळा. माझा डबा दळून झाला तरी मी तिथेच उभी. कारण एका क्षणात मला सगळं समजलं होतं.

तुम्हीही कधीतरी एखाद्या बँडवर असा जीव टाकला असेल, तर पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. आम्ही चौघं. नाशिकरोडची मी. देवळाली कॅम्पातली माझी मैत्रीण, जिच्या घराशेजारी लष्करातली माणसं येत-जात आणि त्यांच्या ट्रंकांतून आमचं परदेशी संगीत येई. मखमलाबादचा एक फूलशेतीवाला, जो बी.ए.ला आमच्या बाकावर होता आणि ज्याने इंग्रजीचा एक पेपर निव्वळ या बँडच्या गाण्यांच्या जोरावर सोडवला. आणि चौथा एकलहऱ्याचा, वीज केंद्रात नोकरीला लागलेला, कमी बोलणारा, एकदा बोलला की मागे न हटणारा. आमच्या कॅसेटी सगळ्या उतरवून घेतलेल्या. त्यामुळे अल्बमांची खरी नावं आमच्या तोंडी कधी बसलीच नाहीत. आम्ही त्यांना कव्हरवरच्या चित्रावरून ओळखायचो. कोंबडा, छत्री, तीन खुर्च्या, शिडी. कोंबडा थोर की छत्री थोर, यावरून मी आणि कॅम्पातली किती वेळा अबोला धरलाय म्हणून सांगू! आजही तिने 'छत्री'चं नाव काढलं की माझ्या कपाळावर आठी चढते.

या भांडणाला आम्ही एक वार्षिक मुहूर्त लावून दिला होता. पौषातला एक रविवार. लोकांना पौष वर्ज्य, आम्हाला तोच पवित्र, कारण पौषात लग्नं नसतात, फुलांना उठाव नसतो, आणि मखमलाबादचा मोकळा सापडतो. त्याच्या मळ्यात, विहिरीजवळच्या आंब्याखाली गोणपाट अंथरायचं, त्यावर सगळ्या कॅसेटी ओळीने मांडायच्या, आणि मग मतदान. प्रत्येकाला पाच झेंडू. हवे तसे वाटा, नाहीतर सगळे एकावरच वाहा. शिवाय प्रत्येकाला बांधावरचं एकेक धोत्र्याचं काटेरी बोंड, ते सगळ्यात टुकार अल्बमाच्या डोक्यावर ठेवायचं. आधी तासभर भाषणं, मग फुलं, मग पिठलं-भाकरी. एका वर्षी त्याची आई दुरून हे बघून म्हणाली होती, "पूजा कोनाची मांडली म्हनायची, बाई?" आणि नमस्कार करून गेली.

सर्वोत्तमाचा निकाल दर वर्षी फिरायचा. टुकाराचा मात्र कधीच नाही. शिडीवर तीन बोंडं ठरलेली. एक माझं, एक कॅम्पातलीचं, एक मखमलाबादच्याचं. आणि त्या तीन काटेरी बोंडांच्या शेजारी, तितकेच ठरलेले, एकलहऱ्याच्याचे पाचच्या पाच झेंडू. हे गाढव दर वर्षी आपली सगळी फुलं शिडीवर वाहायचं! आम्ही म्हणायचो, अरे काय आहे त्यात? पेंगलेला गायक, रडतखडत चाललेला ड्रम, आणि शेवटचं गाणं तर ओळीच्या मध्येच कडकन तुटतं. तो शांतपणे म्हणायचा, "तेच तर. सगळे बँड पळतात. हे एकदाच थांबून चालले. आणि शेवट तोडून टाकायचा म्हणजे छाती लागते." त्याच्याकडे असलेली शिडीची कॅसेट म्हणजे मी उतरवलेली पहिली प्रत. हट्टाने मागून नेली होती त्याने. पुढे त्याच्या मुलाने त्याच कॅसेटवरून ती गाणी त्याच्या फोनमध्ये घालून दिली. आम्ही बाकीच्यांनी बाकी सगळं नव्याने विकत घेतलं, फोनवर ऐकलं, पण शिडीच्या वाटेला कोण जाणार? भिकार गोष्ट पुन्हा कोण विकत घेतं?

आता माझ्या जिभेबद्दल सांगायलाच हवं. ती तिखट आहे, आणि तिला लगाम नाही. एका पौषात तो शिडीवर फारच बोलायला लागला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं आयुष्यच रडतखडत चाललंय, म्हणून तुला ती आवडते." तो हसला नाही. फुलं वाहिली, भाकरी खाल्ली, गेला. पुढचे दोन पौष आलाच नाही. मखमलाबादच्याने मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याच्या बापाला अर्धांग झालता. रोज सकाळी क्वार्टरच्या अंगणात बापाला धरून चालवायचा. टेप लावायचा शिडीची. ड्रमच्या एका ठोक्याला एक पाऊल. म्हाताऱ्याला इंग्रजीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पन त्या ठोक्यावर पाय उचलायचा. वर्षभरात फाटकापोत गेला चालत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला मी एकलहऱ्याला गेले. त्याने चहा दिला, विषय काढू दिला नाही, आणि पुढच्या पौषात आपणहून आला. पाच झेंडू शिडीवर. मीही माझं बोंड ठेवलंच, कारण दया म्हणून दिलेलं मत त्याने माझ्या तोंडावर फेकलं असतं.

आणि आता गिरणीतल्या त्या पोरीने मला काय दाखवून दिलं होतं, तर शिडी रडतखडत नव्हतीच. रडतखडत होता माझा टेपरेकॉर्डर. ती दुपार मला लख्ख आठवली. कॅम्पातली मूळ कॅसेट घेऊन आली होती. कुणा अधिकाऱ्याची, आणि तो संध्याकाळच्या गाडीने बदलीच्या गावी निघालेला. हातात तीन तास. शेजारचा एक आणि घरचा एक असे दोन टेप मी वायरने जोडले, आणि लाईट गेली. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसतायत आणि आमच्या घरात लाईट नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरात नवे सेल चारच. प्रत चांगली यावी म्हणून ते मी उतरवून घेणाऱ्या टेपला घातले, आणि मूळ कॅसेट वाजवणाऱ्याला ट्रान्झिस्टरमधले जुने, मरायला टेकलेले. ती संथ वाजली, आणि तशीच संथ उतरली. लांबली म्हणून शेवटचं गाणं मावलं नाही, तुटलं. मूळ आधी कुणी ऐकलंच नव्हतं, तर शंका कुणाला येणार? मीच सगळ्यांना म्हटलं होतं, "म्हातारे झाले गं हे."

गिरणीतल्या त्या दिवसापासून पौषातल्या रविवारापर्यंतचे दोन आठवडे मी फार वाईट काढले. खरी शिडी घरी पुन्हा पुन्हा ऐकली. उत्तम आहे हो! छत्रीपेक्षा तर कितीतरी उजवी. म्हणजे तीस वर्षं आम्ही बोंडं वाहिली ती माझ्या ट्रान्झिस्टरच्या सेलांना. ते चालून जाईल, त्यात हसण्यासारखंच आहे. पण झेंडू? त्या माणसाने ज्याच्यासाठी आम्हा तिघांशी इतकी वर्षं भांडण केलं, ज्याच्या ठोक्यावर बापाला चालवलं, ते मुळात बँडने केलंच नव्हतं, हे त्याला सांगायचं कुणी? न सांगावं तर पुढच्या पौषात त्याच्या डोळ्यांत बघायचं कसं? आणि सांगितल्यावर तो पुन्हा यायचाच थांबला तर? या वयात एक माणूस कमी होणं परवडत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. सून म्हणाली, आई, तुमची तब्येत बरी आहे ना?

शेवटी या पौषात, गोणपाटावर कॅसेटी मांडून झाल्या आणि कॅम्पातली गुडघा चोळत खुर्चीत बसली, तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सेल, लाईट, गाडी, सगळं. सांगताना पदराने डोळे पुसत होते. मग फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि खरी शिडी लावली. दुसऱ्याच गाण्याला मखमलाबादचा मांडीवर थाप मारून ओरडला, "आयला! हे तर लय भारी हाय! आनि आपन बोंडं वाहत बसलो!" कॅम्पातली हसता हसता रडायला लागली. एकलहऱ्याचा मात्र मान खाली घालून पूर्ण ऐकत होता. शेवटचं गाणं सुरू झालं. जिथे ते तुटायचं ती ओळ आली, त्याने सवयीने डोळे मिटले, आणि गाणं पुढे गेलं. अजून एक कडवं होतं. त्या कडव्यात गायक घरी परत आलेल्या कुणाला तरी विचारत होता, वाटेत दमलास का. साठीला आलेल्या माणसाने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग त्याने मला विचारलं, "लाईट गेली होती म्हणालीस?"

"हो रे."

"म्हणजे चूक आमच्या खात्याची. तू कशाला रडतेस?"

आणि हसला. तसा हसला, की माझ्या छातीवरचा धोंडा विहिरीत पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग जरा थांबून म्हणाला, "चांगलं केलंय त्यांनी. पण या स्पीडला बाबा फाटकापर्यंत नसते पोचले."

मतदान झालंच, ते कसं चुकेल. त्याने आपली जुनी कॅसेट ओळीतून उचलली आणि शेजारी वेगळी ठेवली. शिडीच्या जागी माझा फोन आला. हा आता बँडचा अल्बम, आणि ती कॅसेट निराळी. कॅम्पातलीने आणि मखमलाबादच्याने फोनवर फुलं वाहिली, बोंडं 'तीन खुर्च्या' अल्बमावर गेली. एकलहऱ्याच्याने पाच झेंडू आपल्या कॅसेटवर ठेवले, आणि आजवर कुठल्याच अल्बमावर न ठेवता फेकून देत आलेलं बोंड उचलून शांतपणे माझ्या फोनवर ठेवलं. "फार घाई करतात," म्हणाला. आम्ही इतके हसलो की मखमलाबादच्याची सून धावत बघायला आली. मी माझे पाच झेंडू हातात घेऊन बसले होते. कोंबड्याकडे पाहिलं, तीस वर्षांची माझी भक्ती. मग पाचही त्याच्या कॅसेटवर वाहिले. दया म्हणून नाही. मला ती खरोखरच आवडायला लागली होती, आता ती कशी झाली ते कळल्यावर.

मी हल्ली विचार करते, एखादी गोष्ट करणाऱ्याने कशी केली ते एक, आणि ती आपल्यापर्यंत कशी पोचली ते एक. मधे सेल संपतात, लाईट जाते, गाडीची वेळ होते. आपण जन्मभर जे कवटाळून बसतो ते बहुतेक वेळा असं वाटेत बदललेलंच असतं, आणि त्यावर माणूस चालायला शिकतो, तर ते खोटं कसं म्हणावं? बँडातली ती पांढऱ्या केसांची मंडळी अजून कुठे कुठे गात फिरतात. त्यांना वाटतं, आपले अल्बम चौदा. नाशकात ते पंधरा आहेत.

पिठलं-भाकरी झाल्यावर मखमलाबादच्याने घरातला जुना टेप आणला, नवे सेल घालून, आणि आम्ही ती पंधरावी लावली. संथ, सर्दीवाली. शेवटचं गाणं नेहमीच्या जागी कडकन तुटलं. टेप नुसताच घरघरत राहिला. आणि एकलहऱ्याच्याने, ज्याला मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, पुढचं, आज प्रथमच ऐकलेलं कडवं आठवत आठवत तोंडाने धरलं, त्याच संथ चालीत. दुसऱ्या ओळीला आम्ही तिघंही त्याच्यात मिसळलो.